हरकती व सूचना: सोलापूरच्या माळरानासाठी वापरलेल्या एका सार्वजनिक सेवेचे परीक्षण

एखाद्या अभयारण्याभोवती निर्बंधांचे क्षेत्र आखायचे असेल किंवा खाणीला, कारखान्याला पर्यावरणाची मंजुरी द्यायची असेल, तर शेवटचा निर्णय होण्यापूर्वी नागरिकांचे म्हणणे मागवण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. राजपत्रातल्या मसुद्यात हरकती व सूचना मागवणारा एक परिच्छेद असतो. मोठ्या प्रकल्पाच्या वेळी वर्तमानपत्रात जाहीर लोकसुनावणीची नोटीस येते. ही सोय म्हणजे एक सेवाच आहे. ती आपल्याच करातून चालते, तिच्यासाठी वेगळे शुल्क पडत नाही आणि ती वापरायला वकील लागत नाही की पदवी लागत नाही. सोलापुरात राहून, आसपासच्या तालुक्यांतल्या गवताळ माळांच्या निमित्ताने मी ही सेवा वापरत आले आहे. तिचे परीक्षण लिहिण्याचे कारण एवढेच, की ती आपल्यासाठी आहे हे बहुतेक सोलापूरकरांना ठाऊकच नाही. माझे मत आधीच सांगते: ही सेवा गैरसोयीची आहे, तिच्यात मोठ्या त्रुटी आहेत, आणि तरीही ज्यांना रानाची आणि वन्यजीवांची काळजी वाटते त्यांनी ती वापरलीच पाहिजे.

माळरानाबाबत ही निकड अधिक आहे, कारण माळाच्या बाजूने बोलणारे फार थोडे आहेत. सह्याद्रीतले जंगल तोडले जाते तेव्हा पडलेली झाडे सर्वांना दिसतात. सोलापूरच्या मुरमाड माळावर नांगर फिरतो किंवा खड्डे खणून रोपे लावली जातात, तेव्हा काही नष्ट झाले असे पाहणाऱ्याला वाटतच नाही. वस्तुतः वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पावसावर इथे पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी गवते वाढतात आणि त्यांच्या आधाराने एक पूर्ण जीवसृष्टी जगते. काळविटांचे कळप याच गवतावर चरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत असलेला लांडगा ओढ्याकाठच्या घळींत आणि माळाच्या उतारांवर पिल्ले वाढवतो. खोकड, ससा आणि घोरपड यांचेही हेच घर आहे. धाविक, पखुर्डी आणि माळटिटवी हे पक्षी काड्या जमवून घरटे बांधत नाहीत. ते उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि अंड्यांचा रंग मातीशी व खड्यांशी इतका मिळताजुळता असतो की दोन पावलांवरूनही ती नजरेला पडत नाहीत. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिवसभर माळावर भक्ष्य शोधतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर, एकत्र मुक्काम करतात. अशा जागी हिरवळ वाढावी या सद्हेतूने दाट झाडे लावली, तरी या सर्वांचे घर जाते. वृक्षारोपण म्हणजे निसर्गसेवा हा समज इतका पक्का आहे की माळावरच्या वृक्षारोपणाला हरकत घेणारा माणूस निसर्गाचाच विरोधक ठरतो. तरीही अशी हरकत घ्यावी लागते, आणि ती जागेच्या तपशिलासह, कारणांसह लिहिली तर समजून घेणारे अधिकारी भेटतात, हा माझा अनुभव आहे.

नागरिकाच्या बोलण्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण सोलापूरच्या उंबरठ्यावर आहे. १९७० च्या दशकात पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नज परिसरातल्या माळढोकांकडे लक्ष वेधले. माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते, आणि मादी विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. त्या काळात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून चराईपासून राखलेले गवताचे पट्टे नान्नजच्या आसपास तयार झाले होते आणि पक्ष्याला तिथे निवांतपणा मिळत होता. १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. पुढे १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी इथे माळढोकाचा सविस्तर अभ्यास केला. ही सगळी साखळी मागे मागे नेली तर तिच्या सुरुवातीला पाहिलेले लिहून ठेवणारा आणि ते योग्य ठिकाणी सांगणारा एक नागरिक आहे.

त्याच अभयारण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण एकांगी होईल. १९७९ ची सीमा सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरांची होती. तिच्यात शेकडो गावे, बागायती शिवारे आणि वस्त्या आल्या. जमिनीचे व्यवहार, बांधकामे आणि विकासकामे अडू लागली, आणि ज्या शेतकऱ्याच्या शिवारात माळढोक कधी उतरलाच नव्हता त्याच्याही सातबाऱ्यावर पक्ष्याची सावली पडली. शेतकऱ्यांनी आवाज उठवला, निवेदने दिली, लोकप्रतिनिधींच्या मागे लागले, आणि अखेर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. मला त्या शेतकऱ्यांची तक्रार न्याय्य वाटते. इतकी मोठी सीमा कागदावर आखून प्रत्यक्षात तिच्यातल्या गवताकडे दुर्लक्ष करण्याने पक्ष्याचे भले झाले नाही आणि माणसाचेही झाले नाही. परंतु या प्रक्रियेतून घेण्यासारखी गोष्ट अशी, की ज्यांनी सातत्याने आणि संघटितपणे म्हणणे मांडले त्यांचे म्हणणे ऐकले गेले. माळाच्या कोणत्या तुकड्यावर खरोखर वीण होते, कोणता ओढा लांडग्यांचा आहे, कोणत्या गायरानात काळवीट चरते, हे सांगणारे आवाज त्या मानाने फारच क्षीण होते. आज सोलापुरात एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते, आणि देशात उरलेल्या दीडशेहून कमी पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते. तिचा पहिला मार्ग म्हणजे मसुदा अधिसूचनेवर हरकत नोंदवणे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार केंद्र सरकार एखाद्या क्षेत्रावर निर्बंध घालू इच्छिते तेव्हा आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करते आणि त्यानंतर ६० दिवसांपर्यंत कोणीही हरकत किंवा सूचना पाठवू शकते. अभयारण्यांभोवतीची पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे याच रीतीने ठरतात. मुदत पुरेशी आहे, पाठवायचा पत्ता आणि ई-मेल मसुद्यातच दिलेला असतो, टपालाने पाठवलेले पत्रही चालते. एवढ्यापुरती ही सेवा चांगली आहे. मात्र मसुदा निघाला हे कळणार कसे, हा प्रश्न तिने नागरिकावरच सोडलेला आहे. राजपत्र संकेतस्थळावर येते. ज्या गावाचे गट नंबर त्या मसुद्याच्या परिशिष्टात असतात, त्या गावाच्या चावडीवर ते लागलेले मी क्वचितच पाहिले आहे. साठ दिवसांतले चाळीस दिवस बातमी गावापर्यंत पोहोचण्यातच जातात, आणि उरलेल्या दिवसांत जे लिहिले जाते ते घाईत, बहुधा भीतीपोटी आणि ऐकीव माहितीवर लिहिले जाते. निर्बंध कोणत्या कामांवर आहेत आणि शेती, विहीर, घराची दुरुस्ती यांना मुभा आहे की नाही, हे मसुद्यात तक्त्याच्या रूपाने दिलेले असते. तो तक्ता मराठीत गावापुढे वाचला गेला तर अर्धा विरोध आपोआप मावळेल आणि उरलेला अर्धा मुद्देसूद होईल.

हरकत कशी लिहावी याबद्दल सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पाठवल्या जाणाऱ्या पत्रांपैकी अनेक वाया जातात ती याच कारणाने. शेकडो लोकांनी सही केलेले एकाच मजकुराचे छापील निवेदन पाठवण्यापेक्षा, एका माणसाने आपल्या शिवाराबद्दल लिहिलेले एक पान अधिक उपयोगी पडते. पत्राच्या वर मसुद्याचा क्रमांक आणि दिनांक असावा. पहिल्याच परिच्छेदात आपण कोण, कोणत्या गावचे आणि या जागेशी आपला संबंध काय, हे सांगावे. त्यानंतर गाव, गट नंबर, ओढ्याचे किंवा टेकडीचे स्थानिक नाव, काय पाहिले, कोणत्या महिन्यात पाहिले, छायाचित्र असल्यास ते कोणत्या दिवशीचे, हे लिहावे. शेवटी नेमकी मागणी करावी: अमुक गट क्षेत्रात घ्यावा, अमुक काम विणीच्या काळात बंद ठेवावे, अमुक रस्त्याची आखणी ओढ्यापासून दूर न्यावी. वन्यजीव वाचवा, निसर्ग राखा अशा सर्वसाधारण आवाहनावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही, कारण त्यात मान्य किंवा अमान्य करण्यासारखे काहीच नसते. आलेल्या हरकतींचा विचार करणे सरकारवर बंधनकारक आहे, पण प्रत्येक पत्राला स्वतंत्र उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. हा या सेवेचा मोठा दोष आहे. आपण लिहिलेले कुणी वाचले की नाही हे न कळल्याने माणूस पुढच्या वेळी लिहित नाही. अशा वेळी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा आणि आपल्या हरकतीवरील टिपणीची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला भाग असते.

दुसरा मार्ग जाहीर लोकसुनावणीचा. माझ्या मते या संपूर्ण सेवेतला हा सर्वांत सशक्त आणि सर्वांत वाईट रीतीने वापरला जाणारा भाग आहे. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे खाणी, सिमेंट, औष्णिक वीज यांसारख्या मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीपूर्वी परिणामांचा अहवाल तयार करावा लागतो आणि त्यावर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ सुनावणी घ्यावी लागते. तिची नोटीस किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. सुनावणीला किमान इतकी माणसे हवीत अशी अट नाही, म्हणजे गावातले पाचच लोक आले तरी ती वैध असते. हे ध्यानात ठेवून आपण जायला हवे. न जाण्याने सुनावणी रद्द होत नाही, केवळ आपले म्हणणे गैरहजर राहते.

अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो, पण तो शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. मराठीत केवळ सारांश असतो. वन्यजीवांविषयीचे प्रकरण मात्र मूळ अहवालात शोधून वाचावे, कारण सगळी मेख तिथेच असते. प्रकल्पाच्या परिसरातले प्राणी व पक्षी यांची यादी तिथे दिलेली असते आणि ती पुष्कळदा एखाद्याच ऋतूतल्या पाहणीवर बेतलेली असते. उन्हाळ्यात पाहणी केली तर हिवाळी पाहुणे पक्षी यादीत येणार नाहीत, आणि भर दिवसा केलेल्या पाहणीत लांडगा व खोकड सापडणार नाहीत.

जिल्ह्यातल्या एका सुनावणीला मी उपस्थित होते. रोजगार, रस्ता, धूळ आणि विहिरींचे पाणी यांवर तासभर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. अहवालातल्या यादीत लांडगा नव्हता. शेवटी शेवटी एक मेंढपाळ उभे राहिले आणि त्या ओढ्यात लांडगीण दरवर्षी विते, गेल्या हिवाळ्यात आपले कोकरू तिनेच नेले, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या स्वरात लांडग्याबद्दल माया नव्हती, तक्रार होती. तरीही त्या सभागृहातले वन्यजीवांविषयीचे सर्वांत मोलाचे विधान तेच होते, कारण नियमानुसार सुनावणीतले सर्व मुद्दे इतिवृत्तात येतात, इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते, आणि लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांसमोर प्रकल्पधारकाचे म्हणणे लिहून ते सोबत जोडावे लागते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी एकदा कागदावर आला की त्याच्या संरक्षणाची योजना मागितली जाते. त्या दिवशी इतिवृत्त वाचताना हा मुद्दा सुटला होता. आम्ही काहीजणांनी तिथेच उभे राहून तो घ्यायला लावला. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की सुनावणी संपताना चहापाण्याला उठू नये. इतिवृत्त वाचून होईपर्यंत बसावे, आपले म्हणणे आपल्या शब्दांत आले आहे की नाही ते ऐकावे, आणि लेखी निवेदनाची पोच त्याच जागी घ्यावी.

मेंढपाळांचा उल्लेख आला म्हणून सांगते, माळाबद्दल सर्वांत अधिक माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनाच या सेवेत जागा सापडत नाही. वर्षातले कित्येक महिने ते मेंढरांच्या वाड्यासह फिरतीवर असतात, नोटीस येते तेव्हा गावी नसतात, आणि लांडग्याने मेंढरू मारल्यावर मिळणाऱ्या नुकसानभरपाईसाठी पंचनामा करून घेतानाच त्यांची दमछाक होते. लांडग्याच्या बाजूने बोलायचे तर या माणसाला वेळेत भरपाई मिळावी हेही त्याच पत्रात लिहावे. शहरातल्या आमच्यासारख्यांनी लांडगा वाचवण्याची मागणी करायची आणि त्याचा खर्च मेंढपाळाने सोसायचा, ही वाटणी मला मान्य नाही.

या सेवेतली सर्वांत गंभीर उणीव मात्र वेगळीच आहे, आणि सोलापूरसाठी ती निर्णायक आहे. कडक ऊन आणि मोकळी जमीन यांमुळे आपल्या भागात सौर प्रकल्पांसाठी माळांना मागणी आहे. सौर आणि पवन प्रकल्प २००६ च्या अधिसूचनेत समाविष्ट नाहीत. विजेच्या उच्चदाब वाहिन्याही नाहीत. म्हणजे माळावर आज ज्या कामांचा सर्वाधिक परिणाम होऊ शकतो, त्यांच्यासाठी परिणामांचा अहवाल लागत नाही आणि सुनावणीही होत नाही. सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. कोळसा जाळणे थांबले पाहिजे यात शंका घेण्यासारखे काही नाही. परंतु आधीच नापीक झालेली जमीन, कालव्यांवरची जागा, गोदामांची आणि कारखान्यांची छपरे मोकळी असताना जिवंत गवताळ माळ सपाट का करावा, हे विचारायची ठरलेली जागाच नागरिकाला नाही. जुन्या नोंदींत माळ बहुधा पडीक म्हणून दाखवलेले असतात, त्यामुळे असा प्रश्न पडण्याचे कारणही कागदावरून दिसत नाही.

जिथे विचारायची जागा नसते तिथे काय होते, हे राजस्थान आणि गुजरातने पाहिले. माळढोकाची समोरची नजर अधू असते आणि शरीर जड असल्याने वाहिनी दिसताच त्याला वेगाने वळता येत नाही. तारांवर आदळून मरण्याचे प्रमाण त्याच्यात मोठे आहे. वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातल्या वाहिन्या शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो आदेश बदलला, तांत्रिक अडचणींचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ शी जोडला. पक्षी आणि सौर ऊर्जा यांच्यात मेळ घालण्याचे काम न्यायालयाला करावे लागले, कारण प्रकल्प आखताना ते कुणी केले नव्हते. पक्षी बहुतेक नाहीसा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयात जाण्यापेक्षा, माळ शाबूत असताना जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिणे कितीतरी सोपे आहे. नियमात जागा नसली तरी लेखी निवेदन देण्यापासून कुणी आपल्याला अडवलेले नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. माळाचा प्रश्नही तिथे उपस्थित करावा.

भाषेच्या प्रश्नावर एक आशादायक दाखला आहे. २००६ च्या अधिसूचनेची जागा घेणारा नवा मसुदा केंद्राने २०२० मध्ये काढला, तोही टाळेबंदीच्या काळात आणि इंग्रजी व हिंदीत. सुनावणीच्या नोटिशीनंतर लोकांना उत्तरासाठी मिळणारी ३० दिवसांची मुदत २० दिवसांवर आणण्याची तरतूद त्यात होती. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये उपलब्ध करण्याचा आदेश दिला. देशभरातून लाखो हरकती गेल्या. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी आयुष्यातले पहिले सरकारी पत्र त्या वर्षी लिहिले असेल. तो मसुदा त्या स्वरूपात अंतिम झालेला नाही, आणि लोक बोलले नसते तर काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही.

वन्यजीवांच्या बाबतीत आणखी एक दार आहे, जे नागरिकासाठी अर्धवटच उघडते. अभयारण्याच्या सीमेत बदल करायचा तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. अभयारण्यातल्या जमिनीवरून रस्ता किंवा वाहिनी न्यायची तरी प्रस्ताव राज्य आणि राष्ट्रीय मंडळांपुढे जातो. अशा प्रस्तावांची कागदपत्रे आणि बैठकींची इतिवृत्ते ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झालेल्या परिवेश या केंद्रीय संकेतस्थळावर पाहता येतात. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे. पण नकाशे उघडायला चांगला संगणक लागतो, मजकूर इंग्रजीत असतो, आणि प्रस्तावावर सामान्य माणसाने म्हणणे मांडावे यासाठी ठरलेली मुदत नाही. मंडळाच्या सदस्यांमध्ये बिगर-सरकारी अभ्यासकही असतात. त्यांना आणि मुख्य वन्यजीव रक्षकांना सविस्तर पत्र लिहिणे हा उपलब्ध मार्ग आहे.

किंमत, पोहोच, भाषा आणि प्रतिसाद या चारही अंगांनी पाहिले, तर किमतीत या सेवेला नावे ठेवता येत नाहीत. पोहोच निकृष्ट आहे. भाषेत जिल्हा पातळीवर बरी आणि वरच्या पातळीवर वाईट आहे. प्रतिसादाबाबत ती वापरणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून आहे. माझी मागणी आहे की प्रत्येक मसुद्याचा मराठी तर्जुमा संबंधित ग्रामपंचायतींत लावावा, प्रत्येक हरकतीला क्रमांक मिळावा आणि अंतिम अधिसूचनेसोबत कोणती हरकत मान्य झाली, कोणती नाही व का, याचा तक्ता प्रसिद्ध व्हावा. ही मागणी आमदार-खासदारांकडे नेण्यासारखी आहे, कारण यात कोणत्याही पक्षाला अडचण नाही.

ज्यांना एवढ्या मोठ्या प्रक्रियेत एकदम उतरणे अवघड वाटते त्यांनी आपल्या गावापासून सुरुवात करावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. उत्तर सोलापूर, बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, कुठल्याही तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही पाहायला मागावी. गावाचा माळ, तिथले गवत, लांडगा, खोकड आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी तिच्यात नसतील तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती नोंद घेण्याचा ठराव मांडावा. म्हाताऱ्या माणसांना ओढ्यांची आणि टेकड्यांची जुनी नावे आठवतात. तीही लिहून घ्यावीत. पुढे कधी त्या गटावर प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेने मंजूर केलेली ही नोंद सुनावणीत पुढे ठेवता येते आणि अहवालातली अपुरी यादी तिच्यापुढे टिकत नाही. जखमी प्राणी, शिकार किंवा वणवा यांसारख्या तातडीच्या प्रसंगी मात्र पत्रव्यवहारात वेळ घालवू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे.

इतके करूनही मंजुरी दिली गेली, तर पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते, आणि उशिराचे सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत ते दाखल करून घेतले जाऊ शकते. आपल्यासाठीचे खंडपीठ पुण्यात आहे. तिथे पहिला प्रश्न असा येतो की निर्णय होण्यापूर्वी तुम्ही हे कुठे मांडले होते. म्हणून सुनावणीत दिलेल्या निवेदनाची शिक्का मारलेली प्रत, ई-मेलची छापील प्रत आणि टपालाची पावती एका फायलीत तारखेप्रमाणे लावून ठेवावी.